चहाची खूण

तारीख दहा डिसेंबर दोन हजार सहा, वार रविवार. रक्कम साडेतीनशे रुपये. हजर चार जण: मी, माझी बायको, माझा थोरला भाऊ आणि पिल्लू विकणारा माणूस. मी दापोड्याच्या एका गोदामात मालाची आवक-जावक लिहायचं काम करत असे, आणि हा माणूस तिथला वॉचमन. पिल्लू त्याने गोणपाटाच्या पिशवीतून आणलं आणि पिशवीसकट आमच्या ओट्यावर ठेवलं.

"आल्सेशियन आहे," तो म्हणाला. "अर्धा."

"कुठला अर्धा?" बायकोने विचारलं. "पुढचा की मागचा?"

पिल्लू तपकिरी होतं, चाळीसेक दिवसांचं, कान पडलेले. दोन्हीकडून गावठीच दिसत होतं. पाचशे सांगितले होते, साडेतीनशेवर ठरलं. असं पिल्लू भिवंडीत कुठल्याही गल्लीत फुकट मिळतं, हे मला माहीत होतं. तरी पैसे दिले, आणि मुद्दाम दादाच्या समोर मोजून दिले. फुकटचं पिल्लू त्याने संध्याकाळपर्यंत उचलून रस्त्यावर सोडलं असतं. विकत घेतलेली वस्तू तो टाकत नसे.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तेव्हा एकसष्ट वर्षांचा. एकतीस वर्षं त्याने लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, चालवले, आधी कामगार म्हणून, मग मुकादम म्हणून. एकतीस वर्षं त्या खडखडाटात राहून दोन्ही कान गेले. कारखान्याच्या मालकाने लूम भंगारात काढले तेव्हा दादा घरी बसला, आणि वर्षभराने वहिनी गेली. मूलबाळ नव्हतं. आमची मुलगी लग्न होऊन गेली होती, एक खोली रिकामी होती, म्हणून त्याला आम्ही आमच्याकडे आणलं. पण तो राहायला तयार नव्हता. दर दोन-तीन दिवसांनी म्हणायचा, "मी गावाला जातो." गाव वज्रेश्वरीच्या पलीकडे. तिथे आमचं बंद घर आहे, बाकी कोणी नाही. ऑक्टोबरमध्ये तो एकदा न सांगता गेलाच. त्याला साखरेचा आजार. गोळ्या इथेच राहिल्या. चौथ्या दिवशी शेजारच्यांनी दार ढकललं तेव्हा तो चुलीजवळ पडलेला होता, बोलत नव्हता. आठ दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की यांना पुन्हा एकटं सोडलंत तर पुढच्या वेळी दार उशिरा उघडलं जाईल.

तेव्हापासून मी माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर एक हिशेब ठेवत होतो. दादाने गावाला जातो म्हटलं की एक रेघ. नोव्हेंबरमध्ये अकरा रेघा झाल्या.

पिल्लाची कल्पना बायकोची. "माणसासाठी ते राहणार नाहीत," ती म्हणाली. "आपण काय, आपलं आपण करून खातो. ज्याचं स्वतःचं स्वतःला होत नाही असं काहीतरी त्यांच्या गळ्यात घालायला हवं."

पिल्लाने पहिल्या चार दिवसांत घर नासवलं. बायकोने केरसुणी उगारली की ते खाटेखाली जायचं आणि तिथेही तेच करायचं. पाचव्या दिवशी मी त्याला टोचून घ्यायला नेलं. जनावरांच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या, कल्याणहून यायच्या. बायकोही बरोबर होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मारता का. मी म्हटलं, हो, थोडं.

"अजिबात मारायचं नाही," त्या म्हणाल्या. "ओरडायचंही नाही. चुकला तर तुम्ही बघितलंच नाही असं समजा. बरोबर वागला की लगेच खाऊ द्या. लगेच म्हणजे दोन मोजायच्या आत. उशीर केलात तर त्याला वाटेल की खाऊ दुसऱ्याच कशाचा मिळाला."

"म्हणजे डोक्यावर बसवून घ्यायचं," बायको म्हणाली.

"तसं नाही हो. तुम्ही चांगली भाजी केली आणि घरात कोणी छान म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी तुम्हाला करावीशी वाटते की नाही?"

"सव्वीस वर्षांत कोणी म्हटलेलं नाही," बायको म्हणाली, "तरी रोज करतेच आहे."

मला मात्र ती पद्धत पटली. नोंद जेव्हाची तेव्हा करायची, हे मी गोदामात रोज करत होतो. घरी येऊन मी वहीत रकाने आखले. तारीख, वेळ, किती वेळा बोलावलं, किती वेळा आलं, खाऊ किती. खाऊ म्हणून आधी बिस्किटाचे तुकडे केले, त्यांची त्याला गोडी नव्हती. सुका जवळा, ती बारीक मासळी, चालला. एका जवळ्यासाठी ते पिल्लू खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचं. बायकोने एक जुना डबा दिला आणि बजावलं, "यातला जवळा माझ्या डब्यात परत टाकायचा नाही."

पहिल्या आठवड्यात मी "ये" हा एकच शब्द धरला. शुक्रवार सोडून चाळीस वेळा हाक मारली, तीन वेळा आलं. शुक्रवारी मात्र दहापैकी सात वेळा आलं. याचं कारण मला शोधावं लागलं नाही. आमची मागची भिंत आणि चोवीस लूमच्या कारखान्याची भिंत एकच. दोन शिफ्ट चालायच्या. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी, त्या दिवशी आमच्या घरात माणसाचा आवाज माणसाला ऐकू यायचा. इतर दिवशी आम्हीही ओरडूनच बोलायचो. पिल्लाच्या कानात माझा "ये" शिरतच नव्हता.

दादा खाटेवर बसून हे सगळं बघायचा. तो ओठ वाचायचा. लूमवर काम केलेली बहुतेक माणसं वाचतात. एका संध्याकाळी मी जमिनीवर उकिडवा बसून "ये, ये" करत होतो आणि पिल्लू माझ्याकडे पाठ करून चप्पल चावत होतं, तेव्हा दादा हसला. वहिनी गेल्यानंतर मी त्याला हसताना बघितलं नव्हतं.

"अरं, कारखान्यात कुणी तोंडानं बोलवतं व्हय?" तो म्हणाला. "हो बाजूला."

त्याने डब्यातले चार जवळे मुठीत घेतले, पिल्लासमोर जाऊन बसला, आणि ते वर बघेपर्यंत थांबला. मग अंगठा आणि दोन बोटं ग्लास धरल्यासारखी वाकवून ओठांपाशी नेली, दोनदा. ही चहाची खूण. लूम चालू असताना हाक कामाची नसते, म्हणून कारखान्यात सगळं हाताने चालतं. धागा तुटला तर चिमूट चोळायची, लूम बंद कर म्हणायचं तर पंजा खाली दाबायचा, आणि चहा आला की ही खूण. मुकादमाने ती केली की चोवीस लूमवरची माणसं त्याच्याकडे येतात. पिल्लूही आलं. हाताला जवळ्याचा वास होता म्हणूनच आलं असेल. पण दादाने दोन मोजायच्या आत जवळा दिला, पुन्हा लांब गेला, पुन्हा खूण केली. त्या संध्याकाळी वीसपैकी चौदा. मी लिहून ठेवलं.

पंधरा दिवसांत पिल्लू चहाच्या खुणेला यायला लागलं, पंजा खाली दाबला की बसायला लागलं. दादा पहाटे साडेपाचला उठून त्याला बाहेर न्यायचा. बाहेर विधी झाला की तिथल्या तिथे दोन जवळे. जानेवारीच्या मध्यापर्यंत घरात घाण होणं थांबलं. दादाच्या सदऱ्याच्या खिशाला कायम सुक्या मासळीचा वास.

"भावोजी, हा सदरा वेगळा धुवायला लागतो," बायको त्याच्यासमोर उभी राहून, तोंड नीट हलवत म्हणायची.

"मग वेगळा धू, बाय."

"मला कोण जवळा देतं त्याबद्दल?"

त्यावर दादाने तिलाही एक जवळा काढून दिला. तिने घेतला आणि पिल्लाला टाकला.

पिल्लाला जेवण आपल्यानंतर द्यायचं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. त्यामुळे दादा वेळेवर जेवू लागला. जेवल्यावर गोळी. साखर तपासली, बरीच खाली आली होती. आणि वहीच्या शेवटच्या पानावर डिसेंबरच्या उत्तरार्धात एक रेघ, जानेवारीत एकही नाही. त्या पानाबद्दल मी कोणाला सांगितलं नव्हतं. रोज रात्री उघडून बघायचो एवढंच.

दुसऱ्या टोचणीला डॉक्टरीणबाईंनी खुणा बघितल्या आणि खूश झाल्या. मग म्हणाल्या, "पण आवाजही शिकवा. त्याची पाठ असेल तेव्हा तुमचा हात त्याला कसा दिसणार? शिट्टी वाजवा, टाळी वाजवा, पण काहीतरी ऐकू येईल असं हवं. आणि नाव ठेवा."

मी वहीत लिहिलं, "आवाज शिकवणे." पुढे कंसात लिहिलं, "पुढच्या महिन्यात."

पुढच्या महिन्यात का, ते सांगायला हवं. दादाचा आवाज त्याच्या ताब्यात नव्हता. कधी फुटायचाच नाही, कधी इतका मोठा निघायचा की गल्लीतले लोक दारात यायचे. दोन-तीनदा पोरांनी नक्कल केली, ती त्याने बघितली. तेव्हापासून घराबाहेर तो तोंड उघडत नसे. त्याला चारचौघांत हाक मारायला लावणं मला नको वाटलं. सगळं सुरळीत चाललेलं होतं. शिट्टी त्याला ऐकू येणार नव्हती, वाजली की नाही हेही कळणार नव्हतं. मी स्वतः शिकवू शकलो असतो. पण पिल्लू दादाचं होतं आणि ते माझ्या हाकेला येऊ लागलं तर दादाला काय वाटेल, हाही विचार केला. असे विचार करत मी ते काम ढकललं. नावाचंही तसंच. बायकोने तीन नावं सुचवली. दादा म्हणाला, "नाव कशाला? बोलावतो कोण हाय ते त्याला ठाऊक हाय." नाव राहिलंच.

फेब्रुवारीत मी दोन आठवड्यांची बेरीज केली. एकशे बारा वेळा बोलावलं, एकशे नऊ वेळा आलं. शंभराला सत्त्याण्णव. मी दादाला वही दाखवली आणि म्हटलं, आता दोरी काढून न्यायला हरकत नाही.

"ऱ्हाऊ दे दोरी," तो म्हणाला. "लहान हाय."

"दादा, सत्त्याण्णव टक्के येतो. किती दिवस बांधून ठेवणार?"

त्याने आकड्यावर बोट ठेवून बघितलं. चौथीपर्यंत शिकलेला तो. माझ्या आकड्यांवर त्याचा लहानपणापासून विश्वास. म्हणाला, "तू म्हंतोस तर."

एकशे बाराच्या एकशे बारा वेळा आम्ही पिल्लू आमच्याकडे बघत असतानाच खूण केली होती. दादा तर ते बघेपर्यंत थांबायचाच. पिल्लाचं तोंड कुठे होतं, असा रकाना माझ्या वहीत नव्हता.

पंचवीस फेब्रुवारी, रविवार. सकाळी साडेसात. आम्ही तिघं, दादा, मी आणि पिल्लू, गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीपर्यंत गेलो, दोरी माझ्या खिशात. पिल्लू दादाच्या पायाशी चालत होतं, मधून मधून वर बघत होतं. समोरून चिंध्यांची हातगाडी गेली. कारखान्यातल्या कापडाच्या कडा कापलेल्या असतात, त्यांची बोचकी भरून नेतात. एका बोचक्यातून हातभर पट्टी लोंबत होती. पिल्लू तिच्यामागे निघालं.

दादाने चहाची खूण केली. पिल्लाची पाठ होती. त्याने पुन्हा केली. मग रस्त्यात पुढे होऊन दोन्ही हातांनी केली, तोंडाशी नेत, पुन्हा पुन्हा. मी ओरडलो, "ये, ये." खुणा सुरू झाल्यापासून तो शब्द कोणी वापरला नव्हता, पिल्लाच्या तो लक्षात नव्हता. दुसरा कुठला शब्द ओरडावा तर नाव नव्हतं. सुताच्या पेट्या भरलेला एक टेम्पो मागे येत होता. हातगाडी पुढे गेली, पिल्लू पट्टीसाठी वळलं आणि चाकाखाली आलं.

आवाज फार झाला नाही. टपरीवाल्याने दादाची खूण बघितली होती. तो दोन कटिंग घेऊन रस्त्यात आला आणि आमच्यापाशी उभा राहिला. मग त्याला कळलं. ते ग्लास तो तसेच परत घेऊन गेला.

टेम्पोचा ड्रायव्हर खाली उतरला. "चाचा, दिखा ही नहीं," तो दादाला म्हणाला. "पीछे से घुस गया." खिशातून पैसे काढू लागला. दादाने त्याचा हात खाली केला आणि त्याच्या दंडावर थोपटलं. त्याने पिल्लू उचललं. खाडीकडच्या मोकळ्या जागेत आम्ही ते पुरलं. खड्डा दादाने खणला, मला कुदळ दिली नाही.

संध्याकाळी तो खाटेवर बसला होता. बायको भाकऱ्या करत होती. त्याने मला समोर बसायला सांगितलं.

"एक विचारतो. मी हाक मारली व्हती का?"

मला प्रश्न आधी कळला नाही.

"त्या टायमाला. मी हाक मारली असं मला वाटतं. तोंड उघडलं व्हतं. आवाज आला का न्हाय, ते मला कसं कळणार? तू बाजूला व्हतास."

आवाज आला नव्हता. त्याचं तोंड उघडलेलं मी बघितलं होतं. मी आयुष्यभर जे असेल ते लिहीत आणि सांगत आलो. "नाही," मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि तोंड भिंतीकडे केलं. मला अजून बोलायचं होतं. मी म्हणत होतो, मी हाक मारली होती, तरी ते आलं नाही, तुझ्या आवाजाने काही झालं नसतं, मीच त्याला आवाज शिकवला नाही, दोरीही मीच काढायला लावली. मी हे सगळं बोललो. पण ओठ बघितल्याशिवाय त्याला ते कळणार नव्हतं, आणि तो भिंतीकडे बघत होता. खांद्याला हात लावला तर त्याने हात बाजूला केला.

रात्री मी तेच एका कागदावर लिहून त्याला दिलं. त्याने सावकाश वाचलं, घडी घालून उशीखाली ठेवलं आणि "हं" म्हणाला.

बायको ओट्यावर येऊन माझ्याजवळ उभी राहिली. "हो म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?"

"आवाज आला नव्हता."

"मला माहिताय आला नसेल. ते विचारत नाही मी. हो म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?"

ती त्यानंतर दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली.

सोमवारी दादा म्हणाला, "मी गावाला जातो." मी रेघ मारली नाही. मंगळवारी तो म्हणालाच नाही, कपडे भरू लागला. मी त्याच्या समोर बसलो. म्हटलं, वॉचमनकडे अजून पिल्लं आहेत, त्याच कुत्रीची. या वेळी नाव ठेवू, आवाज मी शिकवतो.

"आता न्हाय."

"ऑक्टोबरमध्ये काय झालं होतं ते आठवतंय ना?"

"आठवतंय."

"मग तिथे एकटा काय करशील?"

"तिथं कुणाला हाक मारायला लागत न्हाय," तो म्हणाला.

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "भावोजी, माझ्यासाठी थांबा," ती म्हणाली. तिने यापूर्वी त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्याने तिच्या ओठांकडे बघितलं, वाचलं, आणि पिशवीची चेन लावली. ती मला म्हणाली, "तुम्ही थांबवा ना त्यांना." मी म्हटलं, "कसा?" दाराला कुलूप लावून माणूस ठेवता येत नाही. गावाला शेजारच्या घरी फोन करून ठेवला, रोज एकदा डोकावा म्हणून. ते हो म्हणाले. ऑक्टोबरमध्ये तो गेल्याचं कळल्यावर मी फोन केला होता, तेव्हाही ते हो म्हणाले होते.

गुरुवार, एक मार्च. बायकोने महिन्याच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या वेगळ्या पुड्यांत बांधून दिल्या, प्रत्येक पुडीवर तारीख घातली. स्टँडवर वज्रेश्वरीची गाडी लागलेली होती, अर्धी रिकामी. दादा खिडकीशी बसला. मी त्याच्या शेजारी बसलो. तो बाहेर बघत होता, माझे ओठ त्याला दिसत नव्हते. कंडक्टर आला.

"कुठं?"

"वज्रेश्वरी."

"एक की दोन?"

दहाला माझी ड्युटी होती. रजा मागितली असती तर मिळाली असती. मी दोन म्हणू शकलो असतो, चार दिवस तिथे राहूही शकलो असतो. पण पाचव्या दिवशी परत यावंच लागलं असतं.

"एक," मी म्हटलं.

मी पंधरा रुपये दिले. त्याने तिकीट फाडून दिलं आणि एक रुपया परत केला. तिकीट मी दादाच्या हातात ठेवलं आणि खाली उतरलो. वहीत नोंद केली: चौदा रुपये, वज्रेश्वरी गाडीच्या कंडक्टरला.